तिसरी प्लेट

क्लच प्लेटवरचे रिवेट उघडे पडले होते. मितालीने व्हर्निअर लावून प्लेटची जाडी चार ठिकाणी मोजली. चारही आकडे जवळजवळ सारखे आले. प्लेट एकाच बाजूने झिजली असती तर बसवताना चूक झाली असं म्हणता आलं असतं. ही सगळीकडून सारखी झिजली होती, आणि तीही अवघ्या सहा हजार किलोमीटरमध्ये.

"घासणारा भाग आहे, काका. वॉरंटीत बसत नाही. भागच सदोष निघाला तर गोष्ट वेगळी."

"मंग सदोष लिहा ना," वामनराव म्हणाले. "मी तेच तं सांगून राह्यलो."

हा वाद तीन आठवडे चालला होता. बोरी अरब गावच्या वामनरावांच्या गाडीची पहिली प्लेट आठ हजारांवर गेली, तेव्हा कंपनीने काही न विचारता बदलून दिली. दुसरी गेल्यावर यवतमाळच्या सर्व्हिस सेंटरने दावा अडवून धरला आणि तपासणीसाठी नागपूरहून मितालीला बोलावलं. तिसरी प्लेट काल बसली. तिचे पैसे वामनरावांनी कुरकुर न करता भरून टाकले होते. सर्व्हिस सेंटरच्या पियूषला नेमकं हेच कळत नव्हतं.

"पैसे भरले ना काका? मग आता भांडता कायले?"

"पैसे कोण मांगते? मले कागद पायजे. दोष गाडीचा, चालवणाऱ्याचा नाई. एवढी एक ओळ."

पियूष जुनी प्लेट उचलायला यार्डात खाली बसला. उठताना त्याने नालीवरच्या लोखंडी झाकणावर हात टेकला आणि झटकन ओढून घेतला. एप्रिलमधली दुपारची एक वाजताची वेळ होती. तो तळहातावर फुंकर मारत सावलीत आला.

सावलीतल्या बाकावर वामनरावांच्या पत्नी कोकिळाबाई बसल्या होत्या. "पोरानं अट घातली हाय," त्या मितालीला म्हणाल्या. "कागद नाई आणला तं गाडीची चाबी माह्याजवळ, असं म्हणते अमर. दिवाळीपासून मागून राह्यला. हे देतात काय! नातीले रोज शाळेत हेच आणतात इथं, यवतमाळले. त्याच्यावरच जीव हाय त्याइचा."

"अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली म्या," वामनराव म्हणाले. "एक अ‍ॅक्सिडेंट दाखवा. क्लचवर पाय ठेवून चालवणाऱ्याले आमी ड्रायव्हर म्हणतच नव्हतो."

"गाडीचं राहू द्या, चपला तं सांभाळा आधी. या सालात तीन हरवल्या. अन् तिन्ही डाव्या! घरी उजव्याईचा ढीग लागला."

"एका पायाचा चोर दिसते, काकू," पियूष म्हणाला. वामनरावही हसले. त्यांच्या डाव्या पायात कोरी चप्पल होती, उजव्या पायात टाच झिजलेली.

मितालीने गाडीला टॅबलेट जोडला. क्लच जरासाही दाबला की पडद्यावर एक चौकोन हिरवा होई, सोडला की विझे. ती वामनरावांच्या शेजारी बसली, कोकिळाबाई मागे. गाडी दारव्हा रस्त्याला लागली. वामनराव सुरेख चालवत होते. गिअर कुठे पडला ते कळतही नव्हतं.

टॉप गिअर पडला, रस्ता सरळ झाला, तरी चौकोन हिरवाच राहिला. दोन किलोमीटर झाले. तीन झाले.

"काका, डावा पाय कुठे आहे?"

"खाली. कुठं राहीन?"

मितालीने किंचित वाकून पाहिलं. पाय क्लचवर होता.

असा प्रश्न विचारला की माणसं गडबडतात, पाय हळूच काढून घेतात, हे तिने कितीदा पाहिलं होतं. वामनरावांनी खाली नजरही टाकली नाही. इतकं निर्विकार खोटं बोलणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता. आरशात कोकिळाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

यार्डात परतल्यावर तिने अहवालात लिहिलं, 'दोष चालवण्याच्या सवयीचा.' पियूषने कागद छापून आणला. वामनराव दार उघडून उतरले आणि उन्हात तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"हे चूक हाय, मॅडम. पाय खालीच होता माहा."

"मी डोळ्यांनी पाहिलं, काका."

"नातीची शपथ घेऊ काय?"

"शपथ कशाला घेता? यंत्राला तुमच्या चाबीशी काही देणंघेणं नाही."

"यंत्र बिघडलं असन. अठ्ठावीस वर्षं..."

ते बोलत राहिले. सहीची जागा दाखवण्यासाठी मितालीने कागद खाली धरला आणि तिची नजर जमिनीवर गेली. वामनराव नालीच्या लोखंडी झाकणावर उभे होते. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय अनवाणी, पूर्ण तळवा टेकलेला.

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे रागाशिवाय काही नव्हतं.

कोकिळाबाई गाडीजवळ गेल्या. वाकून क्लचच्या खालून कोरी चप्पल ओढून काढली आणि आणून नवऱ्याच्या पायाशी ठेवली.

वामनरावांनी चपलेकडे पाहिलं. मग झाकणाकडे. मग खाली वाकून त्यांनी दोन बोटं त्या लोखंडाला लावली आणि चटका बसून मागे घेतली. पाय मात्र तिथेच होता.

मग त्यांनी मितालीच्या हातून कागद घेतला, सही केली आणि बायकोकडे न बघता म्हणाले,

"अमरले फोन लाव. चाबी घ्याले ये म्हणा."