तुळईचा मान

त्या इंग्लिश खेड्यातल्या जुन्या पबच्या दारावरची ओकची तुळई फार खाली होती. प्रत्येक नवा मालक पहिल्याच दिवशी तिच्यावर डोकं आपटायचा, मगच गाव त्याला आपलं म्हणायचं. म्हणून आज म्हातारा विल्फ्रेड दारासमोरची खुर्ची अडवून बसला होता.

नवी मालकीण इरावती साताऱ्याची, चांगली उंच. दारात येताच तिने वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळी नेला आणि ती तशीच वाकलेली आत शिरली.

विल्फ्रेडचा चेहरा पडला. आता हिला आपलं कसं म्हणायचं?

तेवढ्यात मागे ठक्कन आवाज झाला. “अगं, सांगायचं तरी!” तिच्यामागून आत येणारा तिचा नवरा कपाळ धरून ओरडला.

विल्फ्रेडने भरला ग्लास त्याच्यापुढे केला. “ये, आता तू आमचा!” मग इरावतीकडे वळून त्याने टोपी काढली. “आणि पब तुमचा, बाई!”