आडनावातला आजार

पणजोबांच्या धाकट्या भावाच्या नावापुढे तिनं 'पायऱ्यांवरून पडून' असं टाइप केलं आणि तिची बोटं कीबोर्डवरच थबकली. वरच्या नावापुढे 'तोल जाऊन' होतं. त्याच्या वर 'हातपाय थरथरत, अंथरुणात'. आजोबांपुढे तिनं स्वतःच लिहिलं होतं, 'शेवटी भ्रमिष्ट'. आणि काकांपुढे 'दारू'. पण काकांनी दारूला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता. ते फक्त प्यायल्यासारखे चालायचे.

ती एका आडनावाची वेबसाइट सांभाळत होती. शाळेत भूगोल शिकवायचा आणि उरलेला सगळा वेळ या साइटला द्यायचा. आडनावाचा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो, तिनं त्याला हुडकून वंशवृक्षाच्या फांदीवर बसवलाच म्हणून समजा. नातेवाईक तिला 'वंशावळताई' म्हणून चिडवत, पण कोण कुणाचा कोण यावरून वाद झाला की तिलाच फोन करत. जुने फोटो साफ करून साइटवर चढवायचं काम तिच्या चुलतभावाचं, म्हणजे त्याच काकांच्या मुलाचं; घरात सगळे त्याला धाकटा म्हणत. त्याचा फोटो स्टुडिओ होता. जन्म, लग्न, मृत्यू एवढ्यावर सगळं छान चाललं होतं. 'मृत्यूचं कारण' हा रकाना वाढवायची हौस तिचीच. लोकांनी भराभर कळवलं. प्रत्येक घराचा शब्द वेगळा होता. आजार एकच होता.

आडनावातल्याच एका डॉक्टर बाईंना तिनं विचारलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. चाळिशीच्या आसपास सुरू होतो. आधी हात जातात, मग तोल, मग माणूसच. आईबापांपैकी एकाला असला तर मुलाला व्हायची शक्यता निम्मी. औषध नाही. रक्त तपासून कळतं, एवढंच.

तिनं चाळिशी नुकतीच ओलांडली होती. वडील ऐन तारुण्यात अपघातात गेले. त्यांच्यात ते होतं की नव्हतं, हे कळायला वावच मिळाला नव्हता. त्या दिवसापासून ती स्वतःवर पाळत ठेवू लागली. हातातून खडू निसटला की वर्गाकडे पाठ करून उभी राहायची. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची. कॉलेजातून आलेली मुलगी उंबऱ्याला अडखळली तरी ही तिच्या पावलांकडे बघत राहायची.

धाकट्याला सांगायला ती स्टुडिओत गेली. त्याला नवल वाटलं नाही. त्यानं संगणकावर त्याच आठवड्यात काढलेले फोटो उघडले. एकजात सगळे हललेले.

"बायकोला सांगितलंय, कॅमेरा बिघडलाय," तो म्हणाला. "ताई, मला नाही तपासायचं. कळत नाही तोवर मी बरा आहे."

"आणि पोरं? त्यांना काय सांगशील?"

त्यानं एक लेन्स पुसायला घेतली. मग खाली मान घालून म्हणाला, "तू आधी देशील रक्त? तू बसलीस तर मी बसेन. एकट्यानं नाही व्हायचं माझ्याच्यानं."

"मी आधी बसते," ती म्हणाली. "झालं?"

रक्त द्यायला जायच्या आदल्या दिवशी ती आत्याकडे गेली. आत्या तिघा भावंडांत थोरली, ऐंशी ओलांडूनही खणखणीत. आजार तिच्या वाटेला गेला नव्हता. हिनं सगळं सांगितलं आणि सांगता सांगता तिला हुंदका फुटला. आत्यानं सोलायला घेतलेले मटार बाजूला सारले, उठून दार लोटून घेतलं.

"गप. रडू नकोस," आत्या म्हणाली. "तुला नाही व्हायचं ते. तू आमची नाहीस."

शेजारची बाई बाळंतपणात गेली होती. तिचा नवरा आधीच परागंदा. आत्याच्या आईनं ते बाळ उचलून घरी आणलं आणि आपलं म्हणून वाढवलं. तेच हिचे वडील. धाकट्याचे वडील त्यानंतर झाले. आत्या तेव्हा शाळेत जात होती. बाळाला पहिल्यांदा बाटलीनं दूध तिनंच पाजलं होतं.

"आईनं शपथ घातली होती," आत्या म्हणाली. "तुझ्या बापालासुद्धा पत्ता लागू दिला नाही आम्ही. आता वर गेल्यावर काय ते आईला तोंड देईन."

घरी येताना तिला मुलगी आठवली आणि छातीवरचा धोंडा उतरला. पण मग तिनं साइट उघडली. इतकी नावं तिनं गोळा केली होती, आणि त्यांतलं एकही तिचं नव्हतं. वडिलांच्या नावापुढे 'दत्तक' लिहायला तिचा हात धजेना. धाकट्याला सांगायला फोन हातात घेतला. मग उमगलं. हे कळलं तर तो सकाळी घराबाहेरच पडणार नाही. तिनं फोन खाली ठेवला.

सकाळी लॅबमध्ये धाकटा भिंतीला टेकून बसला होता, पंजे मांड्यांखाली दाबून. आतून नाव पुकारलं तसा दचकला.

"ताई, आधी तू."

ती आत गेली. खुर्चीत बसली. रक्त घेणाऱ्या बाईंनी दंडाला पट्टा बांधला आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"अहो, केवढ्या घाबरलात! पांढऱ्याफटक पडलात की. घरात कुणाला आहे का हा आजार?"

दारात धाकटा येऊन उभा राहिला होता. तिच्याकडे बघत बघत तो शर्टाची बाही वर दुमडत होता.

"आमच्याकडे आहे," ती म्हणाली, "पणजोबांपासून."