फाटकावरचा फोटो

शिवणखात्याशेजारी पाळणाघर उघडलं, तेव्हा मॅनेजरबाई म्हणाल्या, "ही कंपनीकडून तुम्हाला खास भेट."

"भेट कसली? कायद्यानं ठेवावंच लागतं," काजं करणाऱ्या मावशी पुटपुटल्या. बटणं लावणारीनं मात्र हात जोडले. तिची दीड वर्षाची लेक नव्या झोपाळ्यावर खुदुखुदु हसत होती. तिचा तसाच फोटो काढून, मोठा करून कंपनीच्या फाटकावर लावला. खाली लिहिलं, 'तुमचं मूल, आमची काळजी.'

दुसऱ्या दिवशी पाळणाघराला कुलूप. "पाहुणे आले की उघडतो," शिपाई म्हणाला. लेक पुन्हा शेजारच्या म्हातारीकडे राहू लागली. एका दुपारी म्हातारीचा जरा डोळा लागला आणि पोर दुडुदुडु चालत पाण्याच्या हौदापाशी गेली.

त्यानंतर नवव्या दिवशी बटणं लावणारी कामावर आली. मॅनेजरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या शिल्लक रजेतलेच आठ दिवस धरलेत. कंपनीनं खास बाब म्हणून मंजूर केलेत हो."

तिनं सवयीनं हात जोडले.

"एक मागू का, बाई? फाटकावरचा तो फोटो उतरवाल ना, तेव्हा फेकू नका. हसतानाचा तिचा तेवढा एकच आहे."