खाचेवरची चिकटपट्टी

मेकॅनिकने व्हीसीआरच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या वायरी एका डबीत खोचल्या आणि डबी टीव्हीला जोडली. "झालं काका. एवढंच तर होतं."

नवा टीव्ही आल्यापासून मी बायकोला सांगत होतो, याला जुना व्हीसीआर जोडताच येत नाही. शेवटी तिनेच मेकॅनिक बोलावला.

कॅसेटवर तिच्या अक्षरात होतं, 'शाल्मली, पहिला वाढदिवस'. दुसऱ्याच्या आधीच आमची लेक तापाने गेली. त्यानंतर कित्येक वर्षं बायकोला ती कॅसेट बघायचा धीर झाला नव्हता.

पडद्यावर मुंग्या आल्या, मग औक्षणाचं तबक, पैंजण घातलेला एक पाय. आणि एकदम क्रिकेटची मॅच सुरू झाली.

"चुकून झालं असेल, काकू," मेकॅनिक म्हणाला.

तिने कॅसेट काढून कड चाचपली. वर दुसरं काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून तिथली खुंटी तिने तेव्हाच मोडली होती. ती खाच आता चिकटपट्टीने बुजवलेली होती, कात्रीने नीट कापून.

"चुकून नाही," ती म्हणाली.

मॅच भरताना मला वाटलं होतं, पुढच्या वाढदिवसाला पुन्हा शूटिंग करूच की.