चौथ्या पायाचा सांधा

वेल्डिंगचा रॉड पुन्हा लोखंडी पट्टीला चिकटला. सहीवाल्यांनी होल्डर हिसडून तो सोडवला, मास्क वर करून घाम पुसला आणि पुन्हा सुरुवात केली. साठीला आल्यावर नवं काही शिकायचं म्हणजे हसं करून घेणंच. पण शेडमध्ये हसायला कुणी नव्हतं.

मागे मुलाची जीप उभी होती. डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठी त्याने ती घरच्या घरी बांधत आणली होती. गाडी उलटली तरी आतला माणूस वाचावा म्हणून पाइपांचा पिंजराही केला होता. गाडी उलटली. पिंजऱ्याच्या चार पायांपैकी चौथा तळाच्या पट्टीपासून सुटला आणि मुलगा गेला.

तो सांधा कुणी जोडला होता, एवढंच सहीवाल्यांना हवं होतं. मुलाने जोडला असेल तर तोंड मिटून बसायचं. मिस्त्रीने जोडला असेल तर त्याला सोडायचं नाही. पिंजऱ्याचे पाय बसवायला मिस्त्री दोन दिवस घरी येऊन गेला होता, आणि ते दोन्ही दिवस सहीवाले बँकेत होते.

बँकेत त्यांनी पस्तीस वर्षं सह्या जुळवल्या. खोटी सही त्यांच्या नजरेतून कधी सुटली नाही, म्हणून तर हे नाव पडलं. वेल्डिंगलाही हस्ताक्षर असणारच, असं त्यांचं म्हणणं. ते वाचायचं तर आधी स्वतःला लिहिता यायला हवं. म्हणून मुलाचंच मशीन, मुलाचाच मास्क, आणि शिकवायला फोनवरचे व्हिडिओ.

मुलगाही आधी फोनवर बघूनच शिकायला बसला होता. डावखुरा असल्यामुळे सगळं उलटं दिसतं म्हणून वैतागायचा. मग मिस्त्रीकडे जाऊ लागला आणि आठवडाभरात त्याचा हात बसला. "मिस्त्रींचं बघितलं की लगेच कळतं," म्हणायचा. त्या दिवसांत घरात दुसरा विषयच नव्हता. एका रविवारी तर त्याने वडिलांच्याही हातात होल्डर दिला आणि आईला फोटो काढायला लावला. "बाबा, गाडीवर तुमची सही झाली," म्हणून पोट धरून हसला, नंतर नीट करून घेतो म्हणाला. तो फोटो बायकोने आता भिंतीवरून काढून ठेवला होता. बघवत नाही म्हणाली, आणि ते त्यांना पटलं.

चार महिन्यांत रॉड चिकटायचा थांबला. पुढे कानही तयार झाला. आवाज बिघडला की काम बिघडलं, हे न बघता कळू लागलं. मनगटावर चटक्यांचे डाग पडले. बायको मलम लावायची.

आठव्या महिन्यात त्यांना हवं ते सापडलं. उजव्या हाताचा माणूस डावीकडून उजवीकडे सरकतो, आणि जिथे रॉड उचलतो तिथे बारीकसा खळगा राहतो. त्यांच्या सगळ्या पट्ट्यांवर तो उजव्या टोकाला होता. डावखुऱ्याचा डावीकडे राहणार.

ते टॉर्च घेऊन जीपमध्ये शिरले. पिंजऱ्याचा एकेक सांधा बोटाने चाचपला. खळगा डावीकडे. पुन्हा डावीकडे. पहिले तीन पाय, डावीकडे. चौथ्या पायाच्या तुटक्या पट्टीवर मात्र तो उजवीकडे होता. वरून जाडजूड ओघळ, आत लोखंड वितळलेलंच नाही. घाईने उरकलेलं काम.

म्हणजे मुलाची चूक नव्हती. सहीवाले जीपच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना हलकं वाटलं. मग डोळे पुसून त्यांनी ग्राइंडरने ती पट्टी कापून काढली.

पट्टी पिशवीत घालताना बायको दारात आडवी उभी राहिली. "अहो, नका जाऊ. सांधा कुणाचाही असला तरी आपलं पोर परत येणार आहे का?"

"त्याच्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून जातोय," ते म्हणाले. तिने तोंड उघडलं, मिटलं आणि बाजूला झाली.

मिस्त्रीच्या वर्कशॉपचं शटर अर्धं खाली होतं. अपघातानंतर त्याने कामं घेणं जवळजवळ सोडलंच होतं. तो टेबलाशी बसला होता, दोन्ही हात मांडीवर. सहीवाल्यांनी पट्टी समोर ठेवली आणि आठ महिन्यांचा अभ्यास एका दमात सांगून टाकला.

"हे उजव्या हाताचं काम आहे," शेवटी ते म्हणाले. "माझा मुलगा डावखुरा होता."

"हो. डावखुरा होता." मिस्त्रीने पट्टीकडे वाकून पाहिलं. तिला हात लावला नाही. "पिंजऱ्याला आणखी कुणाचा हात लागला होता, साहेब? आठवून बघा."

"कुणाचा लागणार? तुम्ही आणि तो."

मिस्त्रीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग मनगटावरच्या डागांकडे.

"मग माझाच असेल," तो म्हणाला.

"लिहून द्या."

सहीवाल्यांनी कागद पुढे केला, त्यावर पेन ठेवलं.  मिस्त्रीने कागद थोडा तिरका केला, पेन उचललं, आणि मुलगा लिहायचा तसंच मनगट वाकवून, डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली.