ऐकण्याचे पैसे

समजा, तुम्ही एका गॅरेजमधल्या उंच स्टुलावर बसला आहात. पाय जमिनीला टेकत नाहीत. मांडीवर वही आहे, नाकात ग्रीसचा वास आहे आणि समोर एक निळी गाडी थरथरत उभी आहे. बसलात? मग जरा सरकून घ्या, कारण त्या स्टुलावर आधीच एक मुलगी बसली आहे.

गॅरेज तिच्या आजोबांचं. ते तिला ‘कारकून’ म्हणत, कारण ती सतत काहीतरी लिहीत असे. भिंतीवर दोन पाट्या होत्या. पहिली आजोबांनी रंगवलेली: ‘दोष शोधण्याचे पैसे वेगळे पडतील.’ दुसरी तिने खडूने लिहिलेली: ‘बोलायचं ते समोर येऊन बोला.’

पहिल्या पाटीचं काही खरं नव्हतं. त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं शोधण्याचे पैसे न देताच निघून गेली होती. सकाळी कुलूप उघडताना आजोबा म्हणाले होते, "आज तिसरं गेलं, की ही पाटी उतरवायची. मग मीही चारचौघांसारखा अंदाजाने भाग बदलत बसेन. भागाचे पैसे लोक मुकाट्याने देतात. हातात काहीतरी येतं ना."

मुलीला ते आवडलं नव्हतं. अंदाजाने काम करणारे आजोबा तिच्या ओळखीचे नव्हते.

निळी गाडी सूरवाल्या बाईंची होती. घरोघरी जाऊन वाद्यांचे सूर लावून देणं हा त्यांचा धंदा. गाडीत कुठूनतरी बारीक भुणभुण येई आणि ती त्यांच्या कानांना सहन होत नसे. दोन गॅरेजं पालथी घालून झाली होती. एकाने पट्टा बदलला, दुसऱ्याने दोन टायर. भुणभुण जागच्या जागी.

"गाडी चालू ठेवा आणि वेग हळूहळू वाढवा," आजोबा म्हणाले. "मी हात वर केला की थांबा."

त्यांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला, मग दारांवर, मग टपावर. मग एक लांब लाकडी दांडी घेतली. तिचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं हनुवटीला टेकवलं आणि डोळे मिटले. पुढे ते दांडी घेऊन गाडीखाली सरकले. दीड तास हेच चाललं.

शेवटी गाडीखालून पाना फिरवल्याचा आवाज आला आणि भुणभुण थांबली.

आजोबा बाहेर आले. "सायलेन्सरवर पत्र्याचं एक झाकण असतं. त्याचा स्क्रू ढिला होता. आवळला."

"एवढंच?" बाई म्हणाल्या. "किती झाले?"

"आवळण्याचे काही नाही. शोधण्याचे सहाशे."

एवढं बोलून आजोबा फडकं शोधायला वळले. बाई त्यांच्या पाठीशी बोलू लागल्या.

"दीड तास नुसता कान लावून बसलात, त्याचे सहाशे? काम तर पाव मिनिटाचं. अहो, मीही दिवसभर ऐकतेच. पण मी सूर लावल्याचे पैसे घेते, ऐकल्याचे नाही."

आजोबा फडकं शोधतच राहिले. म्हातारा भाव खातोय, असं बाईंना वाटलं. मुलीची पेन्सिल मात्र भराभर चालली होती. फडकं घेऊन आजोबा तिच्यापाशी थांबले आणि वहीत डोकावले.

"‘दीड’ची वेलांटी दुसरी, कारकूनबाई."

"मी इथे बोलतेय आणि तुम्ही शुद्धलेखन तपासताय?" बाई तरातरा पुढे आल्या. तेवढ्यात त्यांना खडूची पाटी दिसली. "हं. पाठीमागे बोललेलं खपत नाही वाटतं तुम्हाला."

"नाही खपत," आजोबा हसले. "ऐकण्याबद्दलच एक विचारू? तुम्हाला बोलावलं आणि वाद्यात दोष नव्हताच, असं कधी झालंय?"

"झालंय की. गेल्याच महिन्यात. वाद्य अगदी सुरात होतं. थरथरत होती ती मागच्या खिडकीची काच. अर्धा दिवस गेला तेवढं कळायला. मग फटीत कागदाची घडी खोचली, झालं."

"किती घेतलेत?"

"काय घेणार? सूर लावलेच नाहीत." बाईंचा आवाज खाली आला. "पाणीसुद्धा विचारलं नाही हो त्यांनी."

"कारकूनबाई, पाणी आण."

मुलीने पाणी आणलं. ते सावकाश पिऊन बाईंनी पेला हातातच धरून ठेवला.

"पट्ट्याचे दिले, टायरचे दिले," त्या म्हणाल्या. "एका शब्दाने विचारलं नाही. आणि त्या दोघांनी शोधलं काहीच नव्हतं."

त्यांनी पर्स उघडली आणि सहाशे टेबलावर ठेवले. मुलीने पहिल्या पाटीकडे पाहिलं. ती आता तिथेच राहणार होती.

आजोबा कोपऱ्यातल्या नळाशी हात धुवायला गेले. बाईंनी गाडी चालू केली आणि मान तिरकी करून ऐकलं. भुणभुण नव्हती. त्यांनी खिडकीची काच खाली घेतली.

"आजोबा, असे कान मी जन्मात पाहिले नाहीत. जपा हो त्यांना."

आजोबा पाठमोरे साबण चोळत राहिले.

"मानी आहेत," बाई मुलीकडे पाहून हसल्या आणि निघून गेल्या.

मुलीने वही उघडली. एक वाक्य लिहिलं, सगळ्या वेलांट्या दोनदा तपासल्या, मग त्याखाली आपलं एक वाक्य जोडलं. स्टुलावरून उडी मारून ती नळाला वळसा घालून आजोबांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि वही त्यांच्या डोळ्यांपुढे धरली:

‘बाई म्हणाल्या, असे कान मी जन्मात पाहिले नाहीत, जपा त्यांना.

तुम्हाला ऐकूच येत नाही, हे मी सांगितलं नाही.’