उरलेल्या कणकेचा मंगळ

"आ कर! तोंड उघड!" मृण्मयीनं धाकट्याच्या घशापर्यंत बोट घातलं. थोरल्या ऊर्वीच्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी तिनं तारांवर टोचलेली कणकेची सूर्यमाला केली होती आणि त्यातला मंगळ गायब होता. रिक्षा दारात उभी.

"त्याला छळू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "मंगळ मी गायीला घातला. आधीच पोरीला कडक मंगळ, त्यात हा आणखी तारेवर मिरवायचा?"

मृण्मयीचा जीव भांड्यात पडला आणि डोकं तापलं.

"आई, मंगळाशिवाय बाई नंबरच देणार नाहीत!" ऊर्वीनं भोकाड पसरलं.

"सूर्य झाल्यावर उरलेल्यातूनच ग्रह झाले ना? आपलीही कणीक उरलीय." मृण्मयीनं गोळा वळला, सासूबाईंच्याच करंड्यातल्या कुंकवात घोळला आणि तारेला टोचला. "घ्या, घाला आता गायीला!"

मंगळ काढायला पुढे झालेले सासूबाईंचे हात कुंकू बघताच आपोआप जोडले गेले.